गाडी फास्ट, रस्ता गावचा

आमच्या फाट्यावर पानठेल्यासमोरच्या बाकड्यावर बसलेली माणसं गाडी दिसायच्या आधीच ओळखतात. मोर्शीची एसटी कोणती, दूधवाल्याची बुलेट कोणती, कोणाच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटलाय, सगळं आवाजावरून. सात वर्षांपूर्वी मी नागपूरहून सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक आणली आणि पंधरा दिवसांत तिचंही नाव पडलं: "आलं पाहा विमान." मला तेव्हा भारी वाटलं होतं. ते कौतुक नव्हतं, हे कळायला वर्ष गेलं.

ज्यांच्या हातात पहिल्यांदाच जोरदार गाडी आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख. जोरदार म्हणजे फेरारी नव्हे. आपल्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक किंवा सेडान, शंभर-दीडशे हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरला नऊ-दहा सेकंदांत जाणारी, एवढी असली तरी तालुक्यात ती 'रेसची गाडी' ठरते. गाडी चालवायला तुम्हाला येतंच. वरूड-मोर्शीच्या, दारव्हा-दिग्रसच्या, भंडारा-गोंदियाच्या रस्त्यावर ही गाडी कशी चालवायची, आणि लोकांच्या नजरेत 'ते पोट्टं' न होता कशी चालवायची, हे मात्र कुठलंच ड्रायव्हिंग स्कूल शिकवत नाही.

पहिली पायरी: बाकड्यावर बसून बघा

नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात हे एक काम करा. संध्याकाळी तासभर फाट्यावर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघा. बाकड्यावरच्या माणसाला तुमचा स्पीड ऐंशी आहे की शंभर, हे कळत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं की ही गाडी आता काय करणार ते आपल्याला ओळखता येतं का. म्हातारी रस्ता ओलांडताना गाडी हळू होईल का? एसटीच्या मागून शाळेची पोरं निघतील हे चालकाच्या डोक्यात आहे का? ज्याच्या गाडीचा अंदाज येतो तो 'चांगला चालवते', ज्याचा येत नाही तो 'मरन एक दिवस'. स्पीडोमीटर कोणी पाहिलेला नसतो.

लोकांची नजर कडक व्हायला कारणंही आहेत. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडलेत. निम्म्याहून कितीतरी जास्त मृत्यू ग्रामीण भागातले. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती गाडी आमच्या गावात कोणी पाहिलेली नाही, पण त्या महिन्यात तिची चर्चा झाली नाही असा पार नव्हता. त्यानंतर मी पेट्रोल भरायला गेलो तरी पंपावरचा ओळखीचा माणूस वेगळ्या नजरेने बघायचा.

यात थोडा अन्यायही आहे. रस्त्यावर सर्वात जास्त मरतात ते दुचाकीवाले, आणि ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय, दोन पेग मारून लग्नावरून परतणाऱ्याला कोणी 'रेसवाला' म्हणत नाही. पण हा वाद ठेल्यावर घालू नका. मी घातलाय. शेवटी चहाचे पैसेही मलाच द्यावे लागले.

दुसरी पायरी: टायर, मग बाकी सगळं

पोरं आधी अलॉय बदलतात, मग सायलेन्सर, मग स्टिकर. टायर शेवटी, फुटल्यावर. उलटं करा.

टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे आजच बघा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर उन्हाने कडक झालेलं असतं. माझ्या गाडीचे मागचे दोन टायर नवे म्हणून विकले गेले होते, निघाले पाच वर्षं जुने. ज्याने विकली त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. चूक माझीच, वाकून बघितलं नव्हतं.

साइजच्या आकड्यांनंतरचं शेवटचं अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा. टी म्हणजे 190, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240. कंपनीने एच दिला असेल आणि तालुक्याच्या दुकानात टी स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर संपला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराला विचारायचं नसतं. अकोला, चंद्रपूर 45 अंशांवर जातात तेव्हा लोक घाबरून हवा कमी करतात, 'गरम होऊन फुटन' म्हणून. उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, त्या वाकण्यानेच तो आतून तापतो आणि फुटतो. नायट्रोजन भरा की साधी हवा, महत्त्व प्रेशरला.

तिसरी पायरी: थांबायला शिका

गाडी पळते किती हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, थांबते किती अंतरात हे कोणी मोजत नाही. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि जागा चालक धरला, दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, तर साधारण हिशोब असा: 60 च्या वेगाला 45 मीटर, 80 ला 70 मीटर, 100 ला जवळपास 100 मीटर, 120 ला 130 मीटर. क्रिकेटची खेळपट्टी 20 मीटरची. म्हणजे शंभरच्या वेगाला पाच खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तेवढं अंतर लागतं, आणि त्यातल्या पहिल्या दोन तर ब्रेक दाबायच्या आधीच संपतात. मोबाईल हातात असेल तर तिसरीही गेली.

वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. गाडीत सहा एअरबॅग आहेत म्हणून तुम्ही वाचाल. समोरच्या सायकलवर एकही नाही.

एका रिकाम्या सकाळी लांब, सरळ, निर्मनुष्य जागा शोधा. बाजार समितीचं मोकळं आवार परवानगीने मिळालं तर उत्तम. चाळीसच्या वेगाने या आणि ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल तर पायाखाली खडखड होईल, पेडल उलटं ढकलल्यासारखं वाटेल. पहिल्यांदा हे झालं की नवा माणूस घाबरून पाय काढतो, आणि नेमकं तेच करायचं नाही. दाबून ठेवायचं आणि स्टिअरिंग फिरवून बघायचं, गाडी वळते. आठ-दहा वेळा केलं की पाय शिकतो. मग पाऊस पडून गेल्यावर तेच ओल्यात करा आणि किती पुढे गेलात ते पावलांनी मोजा. मला इथे बसला तेवढा धक्का कुठल्याच व्हिडिओने दिला नाही.

चौथी पायरी: रस्त्याचं पंचांग पाठ करा

शहरातला चालक रस्ता बघतो, आपल्याला हंगाम बघावा लागतो.

जूनमधला पहिला पाऊस सर्वात वाईट. चार महिन्यांची धूळ आणि तेल ओलं होऊन रस्त्यावर साय धरते. पेरणीला लागलेले ट्रॅक्टर वावरातून निघतात आणि चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर पसरत जातात. वळणावर तसला पट्टा आला की तुमचे रुंद टायर तुमच्याच विरुद्ध होतात. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलू शकतं, आणि आपल्या गाड्या मुळातच बुटक्या. पुढे ट्रॅक्टर गेला म्हणून मागे जायचं नसतं, त्याचं चाक तुमच्या बोनेटएवढं असतं.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा. बैल सजलेले, गळ्यात घुंगरमाळा, भोवती गर्दी आणि वाजंत्री. बैल आधीच बिथरलेले असतात, त्यात एक रेव्ह मारला की दावं सुटतं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा तर पोरंच लाकडी बैल ओढत रस्त्यावर असतात. या दोन दिवशी संध्याकाळी गाडी घरात ठेवा. हा सल्ला नाही, विनंती समजा.

सोयाबीन निघालं की कुटार, म्हणजे त्याचा भुसा, उडून रस्त्यावर येतं. वरून मऊ दिसतं, खाली घसरतं. भंडारा-गोंदियाकडे धान डांबरावर वाळत घालतात आणि कडेला दगड लावतात. धान उचलून नेतात, दगड कधी कधी राहतात. रात्री तो दगड रिमला भेटतो.

कापूस सुरू झाला की जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्याच्या दीडपट रुंद होतात. जाळी बांधलेला कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला, चालकाला मागचं काहीच दिसत नाही. तुम्ही हॉर्न वाजवता, त्याला तो ऐकूही येत नाही. मागे-मागे चिकटून राहू नका, त्याच्या आरशात आपला चेहरा दिसेल एवढं अंतर ठेवा. तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्याला तुमची गाडी दिसत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटात आणि गडचिरोलीकडे पहाटे बाया मोहफुलं वेचत असतात. झाड रस्त्याच्या कडेला, टोपली रस्त्यावर, डोकं खाली. परतवाड्याहून धारणीकडच्या घाटात पहाटे वळणं घ्यायला मजा येते हे मला माहीत आहे. तिथे प्रत्येक वळणामागे एक टोपली आहे असं धरून चाला.

आणि बारा महिने: काळ्या मातीवरचे रस्ते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत लाटा घेतं. साठला त्या लाटा जाणवतही नाहीत, शंभरला गाडी हवेत जाते. गाडी खाली बसवून कडक स्प्रिंग टाकले असतील तर आणखीच. साइडपट्टी खचलेली असते, डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी असते. एक चाक खाली उतरलं तर झटक्याने वर घेऊ नका, गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. सरळ ठेवा, वेग उतरू द्या, मग हळूच चढवा.

पाचवी पायरी: ओव्हरटेक

जोरदार गाडीचा खरा उपयोग इथे आहे, हे मी मान्य करतो. 25 ने चाललेली ट्रॉली 60 ने ओलांडायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून 80 ने येणारी गाडी धरली तर दोनशे मीटर मोकळा रस्ता हवा. पण 50 ने चाललेला ट्रक 70 ने ओलांडायचा असेल तर नऊ सेकंद आणि पावणेचारशे मीटर. दिसायला सारखंच काम, जागा मात्र जवळपास दुप्पट. नवे चालक ट्रॉलीवर शिकलेला अंदाज ट्रकला लावतात आणि मध्ये अडकतात.

टर्बो गाडीचा एक स्वभाव लक्षात ठेवा: आरपीएम (इंजिनचे फेरे) खाली असताना दाबलं तर ती आधी विचार करते, मग उडी मारते. ट्रकच्या मागे असतानाच गिअर खाली घ्या, बाहेर निघाल्यावर नाही. आणि ट्रकचा उजवा इंडिकेटर बघून निघू नका. आपल्याकडे त्याचे दोन अर्थ आहेत, 'जा' आणि 'मी वळतोय', कोणता ते तुमच्या नशिबावर.

'दोनपदरी रस्त्यावर मी ऐंशीने जातो, वेळ वाचतो' म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. तीस किलोमीटरला 60 ने अर्धा तास, 80 ने साडेबावीस मिनिटं. साडेसात मिनिटं वाचली, आणि तीही मध्ये एकही गाव आलं नाही तर. दुभाजक नसलेल्या रस्त्याला कारसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादाच 70 आहे. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्याला 100. राज्य ती कमी करू शकतं, म्हणून फलकावरचा आकडा खरा.

रात्र

याला पायरी म्हणत नाही, कारण यात शिकण्यापेक्षा टाळण्यासारखंच जास्त आहे. पहिले सहा महिने रात्री एकट्याने लांब जाऊ नका.

रोही, म्हणजे नीलगाय, अडीच-तीनशे किलोचा असू शकतो. त्याचे पाय तुमच्या बोनेटच्या उंचीचे, म्हणजे धडक बसली की सगळं वजन काचेतून आत. एक ओलांडून गेला म्हणजे संपलं नाही, मागे दुसरा असतोच. रानडुकरांचंही तसंच, पूर्ण रांग असते. समोर जनावर आलं तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. जनावर चुकवायला गेलेली गाडी बाभळीला जाऊन बसते, आणि बाभूळ हलत नाही.

डिपर द्या, म्हणजे समोरून कोणी आलं की दिवे खाली करा. नवे एलईडी लावून अप्पर बीमवर सुसाट येणाऱ्याला गाव जेवढ्या शिव्या देतं तेवढ्या सायलेन्सरलाही देत नाही. समोरच्या मोटरसायकलवाल्याला तीन सेकंद काही दिसत नाही, आणि त्या तीन सेकंदांत तो तुमच्याकडेच येत असतो.

आता माझी गोष्ट. डिसेंबर, सात वाजलेले, गावापासून दोन किलोमीटर. मी ऐंशीला होतो, घरी जेवायला चाललो होतो. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या एका दिव्याने डोळे दिपले, तो गेला आणि पुढे काळोख होता. त्या काळोखात एकदम कडक, काटकुळं काहीतरी होतं. पऱ्हाटीने, कापसाच्या वाळक्या झाडांनी, भरलेली बंडी. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कंदीलसुद्धा नाही. मी ब्रेकवर उभाच राहिलो. पायाखाली खडखड, मागच्या सीटवरचा डबा पुढे येऊन डॅशबोर्डवर आपटला, आणि गाडी थांबली तेव्हा पऱ्हाटीची टोकं बोनेटवर खरडत होती. दोन हात. जास्त नाही.

बंडीवरचा म्हातारा उतरला. त्याने आधी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्याकडे आला. मला वाटलं आता शिव्या. तो म्हणाला, "बापू, माहे बैल तं जागेवर थांबते. तुही गाडी थांबते का नाही, थे मले मालूम नोयतं."

मी त्याला 'दिवा का लावला नाही' असं विचारणार होतो. विचारलं नाही. त्याने दिवा लावायला हवा होता हे खरंच, आणि मी ऐंशीला असायला नको होतं हेही खरं. पण रस्त्यावर अशी बंडी असणार हे मला लहानपणापासून माहीत होतं, कारण तसल्याच बंडीवर बसून मी मोठा झालो.

समृद्धीवरून उतरल्यावर

समृद्धी महामार्गावर जाणार असालच. 701 किलोमीटर, कारला 120 ची मर्यादा, दुचाकी-ट्रॅक्टरला बंदी. तिथे तुमची गाडी बेकायदा काही न करता मोकळी पळते. तरी 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले, ते याच मोकळ्या रस्त्यावर. तास-दोन तास एकसारखा वेग, एकसारखा काँक्रिट, एकसारखा आवाज, की डोळे उघडे ठेवून मेंदू झोपतो. दर दीड-दोन तासांनी उतरा, चाला, टायरला हात लावून बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तो काहीतरी सांगतोय.

पण मला जास्त भीती वाटते ती उतरल्यावरची. कारंजा, मेहकर, धामणगाव, कुठेही इंटरचेंजला उतरा. 120 वर दोन तास काढलेल्या डोळ्यांना 70 म्हणजे गाडी उभी असल्यासारखं वाटतं. पहिलंच गाव दोन किलोमीटरवर असतं, तिथे शाळा सुटलेली असते, निळ्या सायकलींवर मुली जोडीने बोलत चाललेल्या असतात. म्हणून माझा नियम: टोलनंतर पहिल्या टपरीवर थांबायचंच, तल्लफ असो-नसो. चहा संपेपर्यंत डोळे गावच्या वेगाला येतात. त्यानंतरही पहिले दहा किलोमीटर स्पीडोमीटरवर विश्वास ठेवा, अंदाजावर नाही.

आवाज, फटाके आणि काळ्या काचा

एका गॅरेजमध्ये मी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप करून घेतला होता. वीस-बावीस हॉर्सपॉवर वाढली म्हणाले, आठ महिन्यांत क्लच गेला. सायलेन्सरमधून फटाके फुटायचे तो 'पॅकेज'चा भाग होता. ग्रामीण रुग्णालयासमोरून जाताना एकदा फुटले. बाहेर झाडाखाली बसलेल्या बाईने हात वर करून विचारलं, "काऊन रे, कोणाच्या मयतीले चालला का?" तिच्या घरचं कोण आत होतं मला माहीत नाही. त्या आठवड्यात मी मूळ सायलेन्सर परत बसवला.

कायद्याची बाजू थोडक्यात. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, मालकाला प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेम नाकारायला पुरतो, आणि हे अपघातानंतर कळतं. काचेतून पुढे-मागे किमान 70 टक्के आणि बाजूने 50 टक्के उजेड आरपार जायला हवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. आणि भाच्याला, धाकट्या भावाला 'फाट्यापर्यंत चालवून बघ' म्हणून चावी देण्याआधी हे वाचा: 18 च्या आतल्याने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

काळ्या काचांचं एक वेगळंच नुकसान आहे, कायद्यात न लिहिलेलं. आत कोण आहे दिसत नाही म्हणून रस्त्यावरचा माणूस हात करत नाही, डोळ्याला डोळा भिडत नाही. चौकात अर्धी वाहतूक नजरेवर चालते. म्हातारा तुमच्याकडे बघतो, तुम्ही मान हलवता, तो ओलांडतो. काच काळी असेल तर त्याला फक्त गुरगुरणारी गाडी दिसते.

लोकांशी जमवून घेणं

यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. गाव लागलं की पाटीपासून चाळीस, शाळा आणि एसटी थांब्याला तीस. उभ्या एसटीला ओलांडताना पाय ब्रेकवर. गुरं घेऊन गायकी चालला असेल तर थांबा, हॉर्न नको. तोच काठीने वाट करून देतो. शेगावला निघालेली दिंडी दिसली तर काच खाली, गाणी बंद, मागे राहा, कितीही लांब असली तरी. डबक्यातलं पाणी माणसावर उडवलं, तर ते कपडे वाळेपर्यंत नव्हे, पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीपर्यंत लक्षात राहतं.

रील काढायची असेल तर उभ्या गाडीची काढा. स्पीडोमीटरचा व्हिडिओ टाकणं म्हणजे स्वतःच्या विरुद्ध पुरावा स्वतःच्या नावाने देणं.

चुकलात तर थांबून माफी मागा. कट बसला, कोणी दचकून सायकलवरून पडलं, थांबा. पळून गेलेल्या गाडीचा नंबर नाही मिळाला तरी आवाज मिळतो, हे पहिल्या परिच्छेदात सांगितलंच आहे.

ट्रॅकवर जाऊन एकदा खरंच पळवावी असं वाटत असेल तर चूक नाही. आपल्याला लांब पडतं, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. पैसे साठवून मित्रांसोबत जा. तिथल्या एका दिवसाने गावच्या रस्त्यावरची खाज बरीच उतरते, आणि आपल्याला गाडी येत नाही हेही कळतं.

अपघात झालाच तर

गाडी बाजूला, हजार्ड दिवे चालू, त्रिकोण मागे पन्नासएक मीटरवर. 108 अॅम्ब्युलन्स, 112 पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 खाली चालकाची जबाबदारी आहे. जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर काय, हेही त्या कलमाने गृहीत धरलंय. तसं झालं तर घरी जायचं नाही, सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि वाटेतच 108 ला जागा सांगायची. घरी गेलात की तुम्ही फरार.

दुसऱ्याचा अपघात दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करू शकत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलंय. मे 2025 पासून अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांसाठी 1.5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही आहे, म्हणून नेमलेल्या दवाखान्यात 'आधी पैसे भरा' म्हणाले तर तिचं नाव घ्या. जोरदार गाडीचा गावाला सर्वात मोठा उपयोग म्हणजे रात्री दोनला कोणाला तरी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं. माझ्याकडे असे चार फोन आलेत. चारही वेळा मी नेहमीपेक्षा हळू चालवलं, मागच्या सीटवर माणूस होता म्हणून.

शेवटचं, आणि शंभरेक रुपयांचं

रिफ्लेक्टर टेपचा एक रोल घ्या, लाल. हार्डवेअरच्या किंवा ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. आधी स्वतःच्या घरच्या ट्रॉलीला लावा, कारण तिलाच नसतो, बघा जाऊन. मागच्या फळीच्या दोन्ही कडांना उभी पट्टी, खाली एक आडवी. फळी आधी रॉकेल नाहीतर थिनरने पुसून घ्या, धुळीवर टेप धरत नाही. मग शेजारच्याची, मग ज्यांच्या बंड्या तुमच्या रस्त्यावर असतात त्यांच्या.

त्या म्हाताऱ्याच्या बंडीला मी पुढच्याच रविवारी टेप लावायला गेलो. मागच्या धिऱ्याला दोन, चाकाच्या आऱ्यांना चार, फिरताना दिसावं म्हणून. तो खाटेवर बसून बघत होता. झाल्यावर उठला, रोलमध्ये किती उरलं ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "शिंगायले बी लाव थोडी. पोळ्याले बेगड लावतो, तसं."

लावली. दोन दिवसांत बैलाने गोठ्याच्या खांबाला घासून काढून टाकली. आऱ्यांवरची अजून आहे.